दोन सह्या आणि एक कांडप यंत्र

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आले आहे. पत्रलेखिका ४१ वर्षांच्या असून त्यांचे लग्न २००८ मध्ये झाले, दोन्ही मुले शाळेत शिकतात. गेली सहा वर्षे त्या घरीच कांदा-लसूण मसाला, चटण्या आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करून विकतात. मिरची दुसऱ्याच्या कांडपावर न्यावी लागते आणि हंगामात तिथे पहाटेपासून नंबर लावावा लागतो, म्हणून स्वतःचे कांडप यंत्र व एक लहान शेड यांसाठी त्यांना चार लाख रुपये उभे करायचे आहेत. पती आणि दीर यांचे औद्योगिक वसाहतीत भागीदारीतले वर्कशॉप आहे. तिथे सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) मशीन घेण्यासाठी एका सहकारी बँकेकडून १८ लाखांचे कर्ज काढायचे ठरले आहे. त्यासाठी पत्रलेखिकेने स्वतःच्या नावावरचा राहता फ्लॅट तारण द्यावा, जामीनदार म्हणून सही करावी आणि मार्जिनच्या, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायच्या, रकमेसाठी आपले दागिने गहाण ठेवावेत, असा घरच्यांचा आग्रह आहे. फ्लॅट २०१४ मध्ये घेतला. त्यात वडिलांचे सहा लाख होते, गृहकर्जाचे हप्ते पतीच्या खात्यातून गेले आणि ते कर्ज आता फिटले आहे. दुसरीकडे माहेरचा भाऊ यंत्रासाठी चार लाख द्यायला तयार आहे, पण २०१९ मध्ये वारलेल्या वडिलांच्या सहा एकर बागायतीवर बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यावे, ही त्याची अट आहे. दिवाळीपासून पती कामापुरतेच बोलतात, घरच्या बैठकीत दिरांनी हिशेबाची वही अंगावर भिरकावली आणि लॉकरची किल्ली पतीने स्वतःकडे घेतली आहे. आई म्हणते, दोन्ही सह्या कर आणि सुखाने राहा. शेजारीण म्हणते, सरळ ४९८-अ लाव, म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी तक्रार कर. पत्रलेखिका विचारतात : कोणती सही करू, सोने कायद्याने माझे आहे का, आणि सही केली नाही तर मला घराबाहेर काढता येईल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले आणि मग मोजून पाहिले : दिरांच्या मशीनला त्यात दीड पान मिळाले आहे, भावाच्या अटीला एक, आणि तुमच्या कांडप यंत्राला अडीच ओळी. या पत्रव्यवहारातला खरा अर्जदार धंदा तुमचा आहे, तरी तुमच्याच पत्रात तो कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे. त्याच्याकडे मी शेवटी नव्हे, मध्येच वळणार आहे, कारण तुमच्या गुंत्याची एक गाठ तिथेच सुटते.

त्याआधी तुमच्या प्रश्नाच्या मांडणीविषयी. "कोणती सही करू" असे तुम्ही विचारता, म्हणजे दोन्हींपैकी एक करावीच लागेल हे तुम्ही मनाशी धरून चालला आहात. तसे कोणी सांगितले? सासरची सही नाकारली तर माहेरच्या पैशावर उभे राहायचे, आणि माहेरची नाकारली तर सासरच्या मर्जीवर, असा हा हिशेब तुमच्या घरातील माणसांनी आपापल्या सोयीने मांडून दिलेला आहे. शिवाय सही म्हणजे विश्वासाचा पुरावा, असेही तुम्ही धरले आहे. पतीही तेच म्हणतात : "माझ्यावर विश्वास असता तर इतके विचारले नसतेस." पतीवरचा विश्वास ही एक गोष्ट झाली आणि बँकेशी केलेला करार ही दुसरी. बँकेच्या टेबलावर विश्वासाची नोंद करायला रकाना नसतो.

त्या टेबलावर काय घडते ते सांगते. कर्जाच्या कागदांचा जाड गठ्ठा समोर येतो आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते. अधिकारी पान उलटत जातो, बोट फुलीवर ठेवतो, आणि पाच-सात मिनिटांत वीस-पंचवीस सह्या होऊन जातात. त्यातला एक कागद हमीचा करार असतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जामीनदारांनी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला तो नोटीस आल्यावर.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. याचा अर्थ, बँकेने आधी मशीन विकावे, मग कर्जदारांच्या मागे लागावे आणि अगदीच काही उरले तर तुमच्याकडे यावे, असा क्रम कायद्यात नाही. बँक पहिल्याच दिवशी तुमच्या दारात येऊ शकते. आणि फ्लॅट तारण असेल तर तिला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तुम्ही हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे. आणि त्यानंतर ताबा घेण्याची कारवाई सुरू झाली की तुमच्यासमोर कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग उरतो, तोही ४५ दिवसांच्या आत. सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, असे तुमच्या दिरांनी सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते चूक आहे. मुरगूडच्या एका सहकारी बँकेशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हा वाद मिटवला आणि सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो असे सांगितले. पतसंस्थेचे कर्ज असते तर वाट निराळी, पण मुक्काम तोच : उपनिबंधकाकडून सहकारी संस्था कायद्याच्या कलम एकशे एकचा वसुली दाखला, आणि त्यात कर्जदाराच्या शेजारी जामीनदाराचे नाव.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. तुम्ही सगळीकडे "त्यांच्या कर्जाला जामीन" असे लिहिले आहे. कर्ज पतीच्या नावावर निघणार नाही, ते भागीदारी संस्थेच्या नावावर निघणार आहे. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो, म्हणजे दिरांनी अंग काढून घेतले तर त्यांचा वाटाही तुमच्या पतीच्या डोक्यावर येतो. तुम्ही त्या संस्थेला जामीन राहिलात तर ज्यांनी तुमच्या अंगावर वही भिरकावली त्या दिरांच्या व्यवहारालाही जामीन राहाल. हे भांडण म्हणून सांगत नाही. कागद तसाच असतो.

आता बँकेने खरोखर काय मागितले आहे, हे पाहिले पाहिजे. तुमच्या पत्रात "बँक म्हणते" हे शब्द सहा वेळा आले आहेत आणि सहाही वेळा ते दिरांच्या तोंडून आलेले आहेत. बँकेचे पत्र तुम्ही पाहिलेले नाही. लहान उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे व्यापारी बँकांना जुने निर्देश आहेत. त्यावरच्या रकमेसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी न्यासाची योजना २००० सालापासून आहे. तिच्यात बँक हमी शुल्क घेऊन न्यासाचे संरक्षण घेते आणि त्रयस्थाचे तारण व जामीन न घेता कर्ज देऊ शकते. मशीन मात्र बँकेकडे नजरगहाण राहते, म्हणजे ते वर्कशॉपमध्येच चालते, पण कर्ज फिटेपर्यंत त्यावर बँकेचा हक्क असतो. १८ लाखांचे मशीन या योजनेच्या मर्यादेत सहज बसते. तेव्हा दीर-पतींना विचारण्याचा पहिला प्रश्न असा : या योजनेतून प्रस्ताव दिला होता का, आणि दिला असल्यास कोणत्या बँकेने कोणत्या कारणाने नाकारला? "शुल्क वाचवायला फ्लॅट देऊ" असे उत्तर आले, तर त्या शुल्काची किंमत तुमच्या छपरात मोजली जात आहे, हे तुम्हाला कळेल. आणि प्रस्ताव आर्थिक पत्रके पाहून नाकारला गेला असेल, तर ती पत्रके तुम्ही सर्वांत आधी पाहायला हवीत.

इथे पतीची बाजूही मांडते, कारण पत्रातून ते मला लबाड वाटले नाहीत. मोठ्या भावासमोर "बायको ऐकत नाही" हे कबूल करणे आपल्याकडच्या पुरुषाला १८ लाखांच्या कर्जापेक्षा जड जाते. जॉबवर्कच्या धंद्यात जुन्या लेथवर आज मोठी ऑर्डर मिळत नाही, हेही खरे असेल. मशीन घेण्याचा विचार चुकीचा आहे असे तुम्हीही कुठे म्हटलेले नाही. म्हणून नकार मशीनला देऊ नका, अमर्याद हमीला द्या, आणि मदत करायचीच असेल तर तिच्या मर्यादा कागदावर आणा. वर्कशॉपचे तीन वर्षांचे ताळेबंद आणि प्राप्तिकर विवरणपत्रे, आधीच्या कर्जांची यादी, दोन्ही भागीदारांचे पत अहवाल (प्रत्येक पत संस्था वर्षातून एकदा तो मोफत देते) आणि हातातल्या ऑर्डरचे कागद मागा. ते सगळे पाहून तुम्हाला दोन-तीन लाख द्यावेसे वाटले तर ते संस्थेला कर्ज म्हणून, बँक खात्यातून, परतफेडीची तारीख असलेल्या लेखी करारावर द्या. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे-देणे प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि घरातल्या तोंडी उसनवारीवर दावा करण्याची मुदत तीन वर्षांत निघून जाते. जामीन राहायचेच ठरले तर हमी ठरावीक रकमेपुरती आणि त्या एकाच मुदत कर्जापुरती मर्यादित करून घ्या. संस्थेचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलाचे कर्जखाते, त्यात येता कामा नये, कारण त्या खात्याची हमी चालू हमी असते. दरवर्षी नूतनीकरण होत राहते आणि तुमची सही जुनी होत नाही. अशी चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती लेखी सूचना देऊन मागे घेता येते, पण तोवर झालेले देणे चुकत नाही. भागीदारांचा विमा कर्जाला जोडून घ्या. आणि कोऱ्या धनादेशावर सही करून तो कोणाच्याही हाती देऊ नका, अगदी पतीच्याही. रक्कम नंतर दुसऱ्याने भरली असली तरी सही करणाऱ्यालाच उत्तर द्यावे लागते.

सोन्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येते : ते तुमचे आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर माहेरहून, सासरहून किंवा आप्तेष्टांकडून तुम्हाला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता होत नाही. पतीच्या ताब्यात असले तरी तो केवळ सांभाळणारा ठरतो. २०२४ मध्येही त्याच न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले : अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे त्याच्यावर बंधनकारक राहते. "पाटल्या आमच्या घराण्याच्या आहेत" असे सासूबाई म्हणतात, त्यावर तुम्ही वाद घालू नका. त्या पाटल्या तुम्हाला घालायला दिल्या होत्या की भेट दिल्या होत्या, हा पुराव्याचा मुद्दा आहे, आणि पुरावा घरातच असतो : लग्नाचा अल्बम, याद, सोनाराच्या पावत्या. अनेक घरांत त्या पावत्या दागिन्यांच्याच डबीत, गुलाबी कागदाच्या घडीत पडलेल्या असतात, आणि लॉकरची किल्ली गेली की पुरावाही त्याच किल्लीमागे जातो. तुमच्याही पावत्या लॉकरमध्येच असतील तर सोनाराकडून जुन्या बिलांच्या नकला मागा आणि दागिन्यांची वजनासह यादी आजच लिहून काढा. लॉकर कोणाच्या नावावर आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. संयुक्त असेल तर बँकेच्या नोंदवहीत कोण कधी आले ते लिहिलेले असते. पतीने तुमचे दागिने गहाण टाकले तर सोनेतारणाच्या अर्जात मालक म्हणून त्यांना स्वतःचे नाव लिहावे लागेल, हेही त्यांना शांतपणे विचारून पाहा : "अर्जावर मालक कोण लिहिणार?"

आता तुमचे यंत्र. चार लाखांसाठी तुम्हाला ना पतीच्या बँकेची गरज आहे, ना भावाच्या अटीची. मुद्रा योजनेत ५० हजारांवरून पाच लाखांपर्यंतचे कर्ज किशोर गटात येते आणि त्याला तारण लागत नाही. तुमच्यासारख्या चालू अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना आणली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान कर्जाशी जोडून मिळते आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागतो. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत चालते. अर्जाची खिडकी सध्या उघडी आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या आणि प्रस्ताव करून देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला भेटा. जिल्हा उद्योग केंद्रातला माणूस तुम्हाला पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेकडे वळवील. तिच्यात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा पाच टक्केच, पण ती नव्या उद्योगासाठी आहे, चालू उद्योगासाठी नाही, आणि पती-पत्नी मिळून एकालाच मिळते. दिरांनी किंवा पतीने त्या योजनेचा काही घाट घातला असेल तर हे आधी कळलेले बरे.

या सगळ्या दारांवर एकच अडसर आहे : तुमचा धंदा सहा वर्षांचा आहे, पण कागदावर तो जन्मालाच आलेला नाही. विक्रीचे पैसे पतीच्या क्यूआर कोडवर जमा होतात, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. सहा वर्षे मसाला तुम्ही कुटलात आणि उलाढाल त्यांच्या खात्यात दिसते. उद्या बँक तुमच्याकडे व्यवसायाचा पुरावा मागेल तेव्हा तुम्ही काय दाखवणार? उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. हजार-पाचशे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. अन्नपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणीही हवी, ती तुमच्या आकाराच्या धंद्याला नाममात्र शुल्कात मिळते. स्वतःच्या एकटीच्या नावाचे चालू खाते उघडा, नवा क्यूआर कोड घ्या आणि पुढच्या मिरचीच्या हंगामाची प्रत्येक विक्री त्यातूनच जाऊ द्या. एका हंगामाचे खाते घेऊन गेलात तर बँकेशी बोलणे सोपे जाते. अंगावरचे थोडे सोने तारण ठेवून यंत्राचा स्वतःचा हिस्सा भरावा असे तुम्हाला वाटले तर तेही करता येईल. फरक इतकाच की तो निर्णय आणि ते हप्ते तुमचे असतील.

घराबाहेर काढण्याच्या भीतीविषयी. फ्लॅटचा दस्त तुमच्या एकटीच्या नावावर आहे आणि हिंदू स्त्रीच्या नावावरील मालमत्तेची ती पूर्ण मालक असते, असे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १४ सांगते. म्हणून तो विकण्याचा, तारण ठेवण्याचा अधिकार तुमचा. पतीने हप्ते भरले आहेत, त्यामुळे वाद वाढला तर ते आपल्या योगदानाचा मुद्दा काढतील, हे लक्षात ठेवून वडिलांच्या सहा लाखांची बँक नोंद शोधून ठेवा. आणि समजा घर तुमच्या नावावर नसते, तरीही कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे २००५ च्या अधिनियमाने, पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. हे मी ज्यांचे घर सासऱ्यांच्या नावावर आहे अशा वाचकांसाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

शेजारणीच्या सल्ल्यात मला घाई दिसते, पण तो अगदीच टाकाऊ नाही. ४९८-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये गेले आहे, आणि ते फौजदारी कलम आहे. पतीने बोलणे टाकले, एवढ्यावर ते उभे राहत नाही. एकदा तक्रार दाखल झाली की ती मागे घेणे तुमच्या एकटीच्या हाती राहत नाही. २००५ च्या कायद्याचे हत्यार वेगळे आहे. त्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि स्त्रीधन अडवून ठेवणे किंवा त्याची परस्पर विल्हेवाट लावणे त्यात बसते. दंडाधिकारी दागिने परत करण्याचा, ते हलवू नयेत असा आणि तुम्हाला त्रास देऊ नये असा आदेश देऊ शकतात, आणि अंतरिम आदेशही देऊ शकतात. त्यासाठी वकिलाकडे धावण्याआधी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटता येते. घटनेचा अहवाल ते नोंदवतात. वही भिरकावल्याची तारीख आणि किल्ली घेतल्याची तारीख तुम्ही आज लिहून ठेवा. पुढच्या वेळी वहीच्या जागी हात आला, किंवा दागिने खरोखर लॉकरमधून हलले, तर वाट पाहू नका : ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक लावा.

तोपर्यंत मधला एक रस्ता आहे. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. दाव्याआधीचे प्रकरण म्हणून अर्ज दिला तर समिती दोन्ही बाजूंना बोलावून समोरासमोर बसवते. पती आले नाहीत तरी तुमचे काही जात नाही. आले आणि तडजोड झाली तर ती लोकअदालतीत नोंदवून घ्या, म्हणजे तिला हुकूमनाम्याचे बळ येते. मात्र त्यावर अपील नसते, म्हणून तडजोडीचा मसुदा घरी आणून, रात्रभर उशाशी ठेवून मगच मान्य करा. समितीत जाणे म्हणजे घर चव्हाट्यावर मांडणे, असे तुम्हाला वाटेल. पण दिरांनी हा विषय आधीच दोन मामांना आणि बँकेच्या संचालकांना सांगितला आहे, असे तुमच्याच पत्रात आहे.

राहिला भाऊ. त्याचे म्हणणे असे की लग्नात सोने दिले, फ्लॅटला सहा लाख दिले, आता जमिनीत काय राहिले. कायदा असा हिशेब करत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार झाली, तिचे लग्न कधी झाले याला अर्थ उरला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर याबद्दल शंकाही राहिलेली नाही. आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघेच वारस असाल आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर प्रत्येकाचा एक तृतीयांश, म्हणजे सहा एकरांत तुमचे दोन. त्या दोन बागायती एकरांचे सरकारी दराने मूल्य वार्षिक दर विवरणपत्रात पाहा आणि चार लाखांशेजारी लिहा. एवढे केल्यावर तुम्ही प्रेमाने हक्क सोडलात तर मी एक शब्दही बोलणार नाही. अनेक बहिणी सोडतात आणि माहेर राखतात, तो त्यांचा निर्णय. पण मग त्या कागदाला यंत्राची गाठ मारू नका. वडिलोपार्जित मिळकतीचे बिनमोबदला हक्कसोडपत्र भावाच्या नावे ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होते, आणि "काहीही मोबदला न घेता" असे त्यात लिहिलेले असते. चार लाख घेऊन त्या वाक्याखाली सही करणे म्हणजे नोंदणीकृत दस्तात खोटे लिहिणे. मोबदला असेल तर तो दस्तात लिहा आणि त्याप्रमाणे मुद्रांक भरा. एकदा नोंदलेले हक्कसोडपत्र फसवणूक किंवा बळजबरी सिद्ध केल्याशिवाय सहजासहजी रद्द होत नाही, हे दुय्यम निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर अंगठा ठेवण्याआधी लक्षात असू द्या. भावाला सरळ सांगता येईल : चार लाख देणार असशील तर हातउसने दे, खात्यातून दे, मी हप्त्याने फेडीन, जमिनीचे आपण सवडीने बोलू. त्यावर तो काय उत्तर देतो, ते तुम्हाला कळेलच.

आणि आईविषयी विचारते, कारण पत्रात तिचा सल्ला आहे पण तिचा हिस्सा नाही. तिसरा भाग तिचा आहे. तिने स्वतः सही करून दिली आहे का, किंवा तुमच्याबरोबर एकाच दिवशी तिचीही सही घ्यायचे ठरले आहे का? तसे असेल तर त्या संध्याकाळी सत्तरीच्या घरातल्या त्या बाईच्या नावावर एक गुंठाही उरणार नाही. तिला हिस्सा द्यायचाच असेल तर तिच्या हयातभराच्या पालनपोषणाची अट दस्तात लिहून घ्या. अशी अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तो दस्त रद्द करून मागता येतो. गटाचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो आणि वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार काढा, आणि तुमचे व आईचे नाव भोगवटादारांत आहे की इतर हक्कांत सरकवले आहे, ते दोघींनी मिळून पाहा.